मावशीच्या अगाशीवरचा डोंगर

बडोद्याला जाऊन आले असं सांगितलं की आमच्या नाशिकची माणसं पहिला प्रश्न विचारतात, "राजवाडा पाहिलात का?" नाही पाहिला. मग दुसरा प्रश्न येतो, "अहो, मग केलंत काय तिथे आठवडाभर?" खरं उत्तर असं की मी एका डोंगराचा फोटो काढायला गेले होते. ढीगभर फोटो काढून आले आणि ज्याच्यासाठी गेले होते नेमका तेवढा राहिला. हे जिन्यात उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही, म्हणून बसून लिहिते आहे.

कुमुदमावशी ही माझ्या आईची धाकटी बहीण. लग्न झाल्यापासून बडोद्यात. काका गेल्यानंतर तिथल्या हरणी भागातल्या फ्लॅटमध्ये ती एकटीच राहायची. मागच्या पावसाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून पडली, तेव्हा पुण्याला असलेल्या तिच्या मुलाने, श्रीरंगने, ठाम सांगितलं की आता पुरे. फ्लॅट विकला गेला, संक्रांतीनंतर सामान हलवायचं ठरलं. मावशी फोनवर रडली नाही की कुरकुरली नाही. एवढंच म्हणाली, "नंदा, तू ते फोटोचं शिकतेस ने? मग एकदा येऊन जा. माझ्या अगाशीवरून डोंगर दिसतो तो काढून दे. पुण्याला भिंतीवर लावीन. दुसरं काही नको मला."

अगाशी म्हणजे गच्ची, आणि वाक्याच्या शेवटचा 'ने' म्हणजे आपला 'ना'. बडोद्यात इतकी वर्षं काढल्यावर मावशीच्या मराठीत असे बरेच शब्द येऊन बसलेत आणि ते उठायचं नाव घेत नाहीत.

फोटोचं शिकत होते हे खरंच. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी मोबाईलवर निसर्गाचे फोटो कसे काढावेत याचा रविवारचा वर्ग लावला होता. आमचे सर कडक. फोटो काढण्याआधी लेन्स पुसा. पडद्यावरच्या रेषा चालू ठेवा आणि क्षितिज मधोमध आणू नका. कोपरं अंगाला चिकटवा. उजेड सकाळचा किंवा संध्याकाळचा, दुपारी फोन खिशात. बोटांनी झूम करणाऱ्याला सर वर्गाबाहेर काढतील की काय अशी भीती वाटायची. "डोंगर मोठा हवाय? मग चालत जवळ जा," असं ते म्हणत. चौकटीत कचरा नको, आणि वाईट निघालेले फोटो त्याच संध्याकाळी पुसून टाका, त्यांचा मोह धरू नका. मी हे सगळं शुभंकरोतीसारखं पाठ केलं होतं. आमच्या घरी पोहेसुद्धा आधी खिडकीपाशी जात आणि मग नवऱ्याच्या पुढ्यात. "तुझ्या फोटोत वाफ दिसते, माझ्या ताटलीत दिसत नाही," असं तो म्हणायचा.

हरणी

मी पोचले तेव्हा उत्तरायण होऊन गेलेलं होतं. उत्तरायण म्हणजे आपली संक्रांत, पण आपण तिळगूळ वाटून मोकळे होतो आणि बडोदं दोन दिवस गच्चीवर राहायला जातं. सोसायटीच्या तारांवर, डिश अँटेनांवर, शेवग्याच्या झाडावर फाटके पतंग लोंबत होते. लिफ्टच्या दारातच समोरच्या फ्लॅटमधल्या हंसाबेन भेटल्या. मला बघून "आवी गया फोटोवाळा बेन!" म्हणाल्या. माझी कीर्ती माझ्या आधी पोचली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने चहाचे दोन पेले हातात घेतले आणि मला गच्चीवर नेलं. पाण्याच्या टाक्या, सोलरची नळकांडी, वाळत घातलेल्या चादरी. पूर्वेकडच्या कठड्यावर पिवळ्या ऑइलपेंटने एक बाण काढलेला होता. बाणाच्या टोकापुढे बघितलं तर शाई सांडून पुसल्यासारखं करडं आकाश. बाकी काही नाही.

"आज नाही आला," मावशी म्हणाली आणि पालथ्या ठेवलेल्या डब्यावर बसून चहा प्यायला लागली.

"कोण?"

"डोंगर गं. पावागड."

मग तिने ती गोष्ट सांगितली. मावशीचं, म्हणजे माझ्या आईचंही, माहेर वाईजवळचं. दार उघडलं की समोर डोंगर, मागच्या अंगणात गेलं की तिथेही डोंगर. लग्न होऊन बडोद्याला आली तर मुलूख ताटासारखा सपाट. काका गोरव्याच्या एका कारखान्यात होते, तिथेच जवळ दोन खोल्यांत बिऱ्हाड होतं. मावशीला तिथे करमेना. काय होतंय ते तिला सांगताही येईना. सासर चांगलं, नवरा चांगला, शेजार चांगला. नजर कुठे टेकवायची तेवढं कळत नव्हतं. एकदा कारखान्यातल्या कुणाच्या घराची वास्तुशांत होती म्हणून दोघं हरणीला गेली. जेवण झाल्यावर काका हात धुऊन सहज गच्चीवर गेले आणि धावत खाली आले. "कुमुद, वर चल. डोंगर आहे!" थंडीतली, पाऊस पडून गेल्यानंतरची स्वच्छ दुपार होती. क्षितिजावर निळा, बैलाच्या वशिंडासारखा एकच उंचवटा. मावशी म्हणाली, "मी तिथे सगळ्यांसमोर रडले. पार लाज आणली त्यांना."

पुढे फ्लॅट घ्यायची वेळ आली तेव्हा काकांनी गोरवा सोडून, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, हरणीला घेतला. रोज स्कूटरवरून अख्खं बडोदं ओलांडून कामावर जायचे आणि यायचे. लोक वेड्यात काढायचे. डोंगर काही रोज दिसत नाही. धुरळा, धुकं, कारखान्यांचा धूर, उन्हाची झळ. वर्षातून मोजकेच दिवस तो दिसतो. म्हणून काकांनी कारखान्यातला उरलेला रंग आणून कठड्यावर बाण काढला. दिसत नसला तरी कुठे आहे ते कळावं. सकाळी जो आधी उठेल त्याने वर जाऊन बघून यायचं आणि दुसऱ्याला सांगायचं: आज आला, किंवा आज नाही आला. त्या घरात वर्तमानपत्राच्या आधी ही बातमी यायची.

मी फोन काढला. लेन्स पुसली. रेषा चालू केल्या. चौकटीत खाली कठडा, त्यावर तो बाण, डावीकडे टाकीचा कोपरा, वरून जाणारी तार आणि तारेवर अर्धा पतंग. कचराच कचरा. मी पंजांवर उभी राहून हात उंच करून कठडा टाळायचा प्रयत्न केला.

"बाण नको का त्यात?" मावशीने विचारलं.

"अगं, तो मध्ये मध्ये येतोय. डोंगर दिसायला हवा ने?" मीही तिच्यासारखं बोलायला लागले होते.

"हो, ते पण खरं," ती म्हणाली.

तरी सवयीने मी त्या सकाळी पाचपन्नास फोटो काढलेच. कठड्यासकट, कठड्याशिवाय. सगळ्यांत करडं आकाश.

घडियाळी पोळ

पुढचे दोन दिवसही डोंगर आला नाही. सकाळी वर जायचं, चहा प्यायचा, खाली यायचं. मला घाई होत चालली होती आणि मावशी निवांत होती. "येतो तेव्हा येतो," एवढंच तिचं म्हणणं. मग तिसऱ्या दिवशी ती मला जुन्या शहरात घेऊन गेली, घडियाळी पोळात. तिथल्या गल्ल्यांत साड्या, बांगड्या, चांदीची भांडी अशी एकाला एक चिकटलेली दुकानं. दुकानदार मावशीला नावाने ओळखतात, आणि बडोद्याचे बरेच लोक करतात तसं निम्मं मराठी, निम्मं गुजराती बोलतात. पुण्याच्या दुकानदारापुढे मावशीचा कसा निभाव लागणार याची मला तिथेच काळजी वाटली.

ती एका फ्रेमवाल्याकडे गेली. म्हातारे गृहस्थ चष्म्याची काडी दोऱ्याने बांधून बसले होते.

"या कुमुदबेन. फोटो लाव्या?"

"फोटो यायचाय अजून. फ्रेम आधी द्या."

"पहेलां फोटो, पछी फ्रेम, बेन. माप काय धरू?"

मावशीने दोन्ही हात पसरले. "लांबीला एवढी. उंचीला वीतभर पुरे."

"देवाचा आहे की माणसाचा?"

"डोंगराचा. आमच्या अगाशीवरून दिसतो तो."

गच्चीवरून दिसणाऱ्या डोंगराला फ्रेम लागते याचं म्हातारबुवांना नवल वाटलं असावं, पण त्यांनी माप लिहून घेतलं. सागवानी पट्टीची लांबट फ्रेम करून दिली, काच घातली आणि मागे पुठ्ठा लावला. मावशीने ती रिक्षात मांडीवर धरून आणली, काचेवर हात ठेवून.

वाटेत आम्ही सेव उसळ खाल्ली. बडोद्याच्या माणसाला सेव उसळीबद्दल जितका अभिमान असतो तितका नाशिककराला मिसळीबद्दल असतो, त्यामुळे मी नाक वर करूनच बसले होते. वाटाण्याची उसळ, वर शेव, पातीचा कांदा, आणि वेगळ्या भांड्यात लालभडक तरी, हवी तेवढी घ्या. दुसऱ्यांदा तरी घेतली तेव्हा माझं नाक आपोआप खाली आलं आणि वाहायलाही लागलं. मावशी हसून हसून बेजार झाली. "नाशिकचे तिखटवाले!" म्हणाली. मी तिचा तसा हसताना फोटो काढला. तोंडावर ऊन कडक पडलं होतं, सावल्या वाईट होत्या. पण तो पुसला गेला नाही, कारण तो निसर्गाचा नव्हता.

चांपानेर

त्याच दिवशी संध्याकाळी ढग भरून आले आणि अवकाळी पाऊस झाला. मोठा नाही, पण रस्ते धुऊन काढण्याइतका. हंसाबेन दारातूनच "मावठुं, मावठुं" ओरडत गच्चीवरचे पापड आणायला पळाल्या. मावशी खिडकीपाशी उभी होती. तिचा चेहरा उजळला होता.

"नंदा, पाऊस पडला म्हणजे उद्या डोंगर येतो हं. नक्की येतो."

मी नेमका हाच विचार करत होते, पण उलट्या बाजूने. सर सांगायचे, पावसानंतरची सकाळ सोडायची नाही. हवा धुतलेली असते, रंग खरे दिसतात. आणि अशी सोन्यासारखी सकाळ गच्चीवरून एवढासा उंचवटा टिपण्यात घालवायची? पडद्यावर तो नखाएवढा दिसणार. बोटांनी ताणला की फुटणार. मी म्हणाले, "मावशी, आपण तिथेच जाऊया. पहाटे गाडी करू. पायथ्याशी तळं आहे म्हणतात, त्यात डोंगराचं प्रतिबिंब पडतं. असा फोटो काढून देते की पुण्याची माणसं बघत राहतील."

"मला ह्या अगाशीवरूनच पाहिजे होता गं."

"इथून केवढासा दिसतो! जवळून बघ ना एकदा. शिवाय तुझं डोंगरावरच्या मातेचं दर्शनही होईल जाण्याआधी."

फ्रेम सोफ्याला टेकवून ठेवली होती, तिच्याकडे तिने बघितलं. मग म्हणाली, "तू शिकली आहेस. तुला जास्त कळतं ने." हे तिने टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. टोमणा असता तर मला परवडलं असतं.

अंधारातच निघालो. हरणीहून हालोलचा रस्ता सरळ आहे, भाड्याने केलेली भरतभाईंची गाडी होती, आणि मावशीने भाखरवडी, लीलो चेवडो, थर्मास असा लवाजमा घेतला होता. उजाडता उजाडता पायथ्याचं चांपानेर ओलांडून तळ्याकाठी पोचलो. आणि खरं सांगते, तसं दृश्य मी आयुष्यात पाहिलेलं नाही. पाणी काचेसारखं निश्चल, पलीकडे अख्खा पावागड, आमच्या पाठीमागून सूर्य वर येतोय आणि त्याचा पहिला उजेड कड्यांवर तांबूस चढत चाललाय. काठावर बगळे. डोंगराच्या घड्या, झाडांची टोकं, वरच्या देवळाचा ठिपका, सगळं दोनदा, एकदा वर आणि एकदा पाण्यात. मी ओल्या मातीत गुडघे टेकून बसले. कोपरं अंगाला चिकटवली. श्वास धरला. सरांनी शिकवलेलं सगळं त्या एका सकाळी एकत्र आलं होतं.

मावशी जरा पुढे, पाण्याच्या कडेला उभी होती. पदर डोक्यावरून घेतलेला, हात पाठीमागे. ती डोंगराकडे जरा मान तिरकी करून बघत होती, जशी आपण ओळखीच्या माणसाला परक्या कपड्यांत बघतो.

"हा उलटाच आहे गं," ती म्हणाली. "ते वशिंड उजवीकडे असतं. इथे डावीकडे आलंय. आपण त्याच्या पाठीशी आलोय."

"हो का," मी म्हणाले. माझं लक्ष उजेडावर.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. हंसाबेनचा व्हिडिओ कॉल. त्या शांततेत त्यांचा आवाज असा घुमला की दोन बगळे उडाले. "कुमुदबेन, क्यां छो तमे? तमारो डुंगर आव्यो छे! जुओ जुओ, केवो चोख्खो!"

मावशी फोन डोळ्यांपासून लांब धरून बघायला लागली आणि एकदम म्हणाली, "नंदा! नंदा, इकडे ये! हे बघ!"

आणि मी म्हणाले, जसंच्या तसं लिहिते, "मावशी, एक मिनिट. जरा बाजूला हो गं, चौकटीत येतेस. आणि हळू बोल, बगळे उडतायत."

ती बाजूला झाली. गाडीच्या मागे जाऊन हळू आवाजात बोलत राहिली. मी फोटो काढत राहिले. उजेड तांबडा होता तो सोनेरी झाला, सोनेरीचा पिवळा झाला, तेव्हा मी उठले. गुडघे झाडत गाडीपाशी गेले तर मावशी थर्मासमधून चहा ओतत होती.

"काय म्हणत होत्या हंसाबेन?"

"डोंगर आलाय."

मी हसले. "आपण त्याच्या पायाशी उभ्या आहोत आणि त्या तुला डोंगर आल्याची बातमी देतायत!"

मावशी हसली नाही. "आपल्या अगाशीवर आलाय. इतका स्वच्छ तर ह्यांच्या वेळेपासून नव्हता आला. हंसाबेनने बाणासकट दाखवला. बाणाच्या अगदी टोकावर होता. तुला तेच दाखवत होते."

"मग? कट झाला फोन?"

"रेंज गेली."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चौकटीबाहेर घालवलेली मावशी हातात नेमका तोच फोटो धरून उभी होती. माझ्या फोनवर एक बटण दाबायचा उशीर, तिच्या फोनचा पडदा जसाच्या तसा टिपता आला असता. दोन पावलं चालत जायचं होतं. चालत जवळ जा, हे तर मी पाठ केलं होतं.

"परत जाऊया का?" मी म्हणाले. "तासाभरात पोचू."

मावशीने वर देवळाकडे बघितलं. "पायथ्यापासून दर्शन न घेता परत फिरायचं? परत थोडीच येणारे मी इथे." तिचंही बरोबर होतं. मी आग्रह धरायला हवा होता, पण ज्या बाबतीत आग्रह धरायला नको होता तिथे तो आदल्या संध्याकाळीच वापरून झाला होता.

रोपवेला रांग होती. मांचीला, म्हणजे रोपवे सुटतो तिथे, एका माकडाने मावशीच्या हातातली भाखरवडीची पिशवी पळवली आणि झाडावर बसून शांतपणे एकेक खाल्ली. मावशी त्याला म्हणाली, "खा बाबा, पुण्याला विकत घ्यावी लागेल आता." दर्शन झाल्यावर ती पश्चिमेकडच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली आणि सपाट मुलखाकडे डोळे बारीक करून बघायला लागली. लांबवर पांढुरकं काहीतरी होतं, ते बडोदं असावं.

"इथून आपली अगाशी कुठली असेल गं?"

इकडे कुणी बाण काढून ठेवला नव्हता.

पुन्हा हरणी

दुपारी परत आलो ते तडक गच्चीवर. आकाश पांढरं झालं होतं. बाणाच्या टोकाला झळ होती, बाकी काही नाही. हंसाबेन मिरच्या वाळत घालत होत्या.

"बार वाग्या सुधी हतो," त्या म्हणाल्या. बारापर्यंत होता.

"हंसाबेन, तुम्ही फोटो काढलात का?" मी जवळजवळ ओरडलेच.

"मी कशाला काढू?" त्या त्यांच्या मराठीत म्हणाल्या. "फोटो काढायला तुम्ही आल्या ने! मारा फोटामां तो अंगूठो ज आवे. मी कुमुदबेनला ताजा ताजा दाखवला."

मावशीने त्यांचा हात दाबला. "बहु सारुं कर्युं, हंसाबेन. बघितला मी." माझ्याकडे तिने बघितलं नाही. रागाने नव्हे, मला कानकोंडं वाटू नये म्हणून.

उरलेल्या दोन सकाळी मी एकटी वर गेले. मावशीबरोबर चहा घेऊन वर जायचो तेव्हा मी घाईत असायचे, आणि आता चहा न घेता अंधारापासून उभी होते. डोंगर आला नाही. खाली आल्यावर मावशी माझा चेहरा बघून पुढ्यात चहा ठेवायची.

शेवटच्या संध्याकाळी घरभर खोकी होती. मावशी काचेचे पेले वर्तमानपत्रात गुंडाळत होती आणि मी तिच्या शेजारी बसून आठवडाभर राहून गेलेलं काम करत होते, वाईट फोटो पुसण्याचं. तळ्याकाठचे एकवीस ठेवले. गच्चीवरचे सगळे एकदम निवडले. टाकी, तार, पतंग, कठडा, बाण, करडं आकाश. फोनने विचारलं, नक्की पुसायचे का? मी हो म्हटलं. मावशी हाताच्या अंतरावर होती. तिला विचारावं असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

पुणे

तळ्याचा फोटो आमच्या वर्गात गाजला. सरांनी तो भिंतीवर मोठा करून दाखवला आणि उजेड कसा पकडावा ते यावरून शिका म्हणाले. मी त्याची उत्तम प्रत काढून पुण्याला पाठवली.

पाडव्याच्या सुमाराला मी मावशीकडे गेले. श्रीरंगचा फ्लॅट मोठा आहे, सूनबाई चांगली आहे, सगळं हाताशी आहे. बैठकीच्या खोलीत घडियाळी पोळातली फ्रेम लावलेली होती, आणि तिच्यात माझा फोटो. फ्रेम लांबट आणि फोटो उंच, त्यामुळे खालून पाणी कापलं होतं आणि वरून शिखर. उरला होता तो डोंगराचा मधला तुकडा.

"छान दिसतो," मावशी म्हणाली. "येणारे जाणारे विचारतात, तुमच्या घरून असाच दिसायचा का. मी हो म्हणते."

मी तिला सांगितलं की हंसाबेनना फोन केला होता, आता तरी एक फोटो काढून ठेवा म्हणून. त्यांनी सांगितलं की पूर्वेला नवीन इमारत उभी राहते आहे, हिरवी जाळी पार वरपर्यंत गेली आहे, आणि उन्हाळ्याआधी सोसायटीने सगळ्या गच्चीला पांढरा रंग मारला. कठड्यालाही.

"बाणावरून पण?"

"हो."

मावशी साडीच्या निऱ्या सारख्या करत राहिली. मग तिच्या काहीतरी लक्षात आलं. "अगं, पण तुझ्याकडे आहेत ने! पहिल्या दिवशी काढलेस ते, धुरकट. त्यात बाण आला होता. त्यातला एखादा दे ना मला. डोंगर दिसत नसेल तर नसू दे. बाण असला की मला कळतो कुठे आहे तो."

मी फोन हातात धरून बसले. पुसलेले फोटो फोन काही दिवस सांभाळून ठेवतो आणि मग स्वतःच टाकून देतो. ते दिवस कधीच उलटून गेले होते.

"मावशी, ते मी पुसून टाकले."

"सगळे?"

"सगळे. वाईट आले होते म्हणून."

मला रडायला आलं आणि मी ते लपवलं नाही. ती माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "जाऊ दे. तुला काय माहीत." पण मला माहीत होतं. तिने मला बाणाशेजारी बसवून सगळं सांगितलं होतं, नाशिकहून बोलावलं तेव्हापासून ती एकच गोष्ट मागत होती, आणि मी तिला तिच्याहून चांगलं काहीतरी द्यायला निघाले होते.

थोड्या वेळाने ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि चहाचं आधण ठेवून परत आली.

"नंदा, इथून तो कुठल्या बाजूला येतो गं? तुझ्या फोनमध्ये दिशा कळतात ने?"

मी होकायंत्र उघडलं. उत्तरेला, जवळजवळ सरळ उत्तरेला. गॅलरीच्या त्या बाजूला शेजारच्या इमारतीची भिंत आहे, हात लांब केला तर लागेल अशी. तिच्यावर सांडपाण्याचे पाइप आणि वातानुकूलन यंत्रांचे डबे.

मावशीने दोन खुर्च्या ओढल्या, त्या बाजूला तोंड करून ठेवल्या आणि चहा घेऊन आली. आम्ही शेजारी शेजारी बसलो. मी फोन आत ठेवून आले होते. पाइपमधून कुणाच्या तरी घरचं पाणी खळखळत खाली गेलं.

मावशीने चहाचा घोट घेतला, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाली, "आज नाही आला."